बुद्धांचे वडील शुद्धोदन

भगवान बुद्धांचे नाव ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. बुद्धपौर्णिमेला गावोगाव मिरवणूक निघते, खीर वाटतात, पंचशील म्हणतात. पण त्यांचे वडील कसे होते, मुलगा घर सोडून गेल्यावर त्यांचे काय झाले, हे विचारले तर माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. फार तर कोणी म्हणेल, "शुद्धोदन राजा होता." तिथेच गोष्ट संपते.

थोरांच्या आईबापांचे असेच होते. आपले राणीसावरगाव ज्या तालुक्यात आहे त्या गंगाखेडच्या संत जनाबाई. जात्यावर बसणाऱ्या बायांच्या तोंडी पिढ्यान्‌ पिढ्या जनाबाईंचे नाव राहिले. त्यांच्या वडिलांचे नाव दमा होते, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणून आज आम्ही बुद्धांविषयी थोडे आणि त्यांच्या वडिलांविषयी जास्त सांगणार आहोत. ज्यांचा पोरगा घर सोडून गेला आहे आणि जे रोज वाटेकडे डोळे लावून बसतात, त्यांनी तर हे जरूर वाचावे.

आधी नावाचा अर्थ बघू. शुद्ध म्हणजे चोख. ओदन म्हणजे भात, शिजवलेला भात. शुद्धोदन म्हणजे ज्याच्या घरी चोख भात आहे तो. त्याच्या भावांची नावेही अशीच आहेत. धौतोदन, म्हणजे धुतलेला भात. शुक्लोदन, म्हणजे पांढरा भात. अमितोदन, म्हणजे मोजता येणार नाही इतका भात! बापाचे नाव मात्र वेगळे. ते होते सिंहहनु, म्हणजे सिंहासारख्या जबड्याचा. त्याने आपल्या लेकरांची नावे भातावरून ठेवली. आपल्याकडे जोंधळा पिकतो. आपल्यात कोणी चार पोरांची नावे जोंधळ्यावरून ठेवली, तर ते घर कशावर जगते हे वेगळे सांगायला नको. शुद्धोदनाचे घराणे शेतीवर जगणारे होते. तेही धानाच्या शेतीवर.

हे लोक स्वतःला शाक्य म्हणवीत. त्यांचा मुलूख हिमालयाच्या पायथ्याशी, आज जिथे नेपाळ आणि उत्तर प्रदेश यांची हद्द आहे त्या भागात होता. मुख्य गाव कपिलवस्तू. ही गोष्ट सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची.

आता प्रश्न असा की, शुद्धोदन खरोखर राजा होता का? चित्रांत बघाल तर डोक्यावर मुकुट, मागे चवरी ढाळणाऱ्या दासी, भोवती सोन्याचा महाल. पण जुने ग्रंथ वेगळे सांगतात. ते पालि भाषेत आहेत. त्यांतल्या अगदी जुन्या भागांत फारसे महाल-मुकुट नाहीत. तिथे बुद्ध आपल्या लहानपणाची एक आठवण सांगतात. वडील शेताच्या कामात गुंतले होते आणि आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो, तिथेच आपले मन पहिल्यांदा शांत झाले, असे ते सांगतात. पुढच्या काळातल्या टीकाग्रंथांनी या आठवणीची मोठी कथा केली. पेरणीच्या आधीचा सण होता, शुद्धोदनाने स्वतः नांगर धरला, मागे शेकडो नांगर चालले, असे त्यांत आहे. आपल्याकडे मिरगाचा पाऊस पडला की तिफणीला हळदकुंकू लावतात. तसाच तो सण. शेकडो नांगर सोडून द्या. बाप शेतात आणि पोरगं झाडाखाली, एवढे मात्र आपल्या ओळखीचे आहे.

ही जुनी पुस्तके मराठी माणसाला उघडून दाखवली ती धर्मानंद कोसंबी यांनी. कोसंबी गोव्याचे, साखवाळ गावचे. जन्म 1876 चा. बुद्धांविषयी जाणून घ्यायची त्यांना अशी ओढ लागली की 1899 साली बायको आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते बाहेर पडले. काशीला संस्कृत शिकले. नेपाळला गेले, सिलोनला गेले, तिथे पालि शिकले. पुढे पुष्कळ वर्षांनी 'भगवान बुद्ध' हे पुस्तक मराठीत लिहिले. त्या पुस्तकात त्यांनी शुद्धोदनाच्या राजेपणाची चांगली झाडाझडती घेतली आहे. ते दाखवून देतात की, त्याच ग्रंथांत शाक्यांचा राजा म्हणून भद्दिय नावाच्या दुसऱ्याच माणसाचा उल्लेख येतो. मग शुद्धोदन एकटाच राजा कसा?

त्याचे उत्तर असे आहे. शाक्यांच्यात एका माणसाचे राज्य नव्हते. तिथे संघ होता. प्रमुख घराण्यांतली माणसे एका मोठ्या सभागृहात जमत. त्याला संथागार म्हणत. भांडणतंटा असो, लढाई असो, तिथे बसून बोलत आणि ठरवीत. त्या सगळ्यांवर कोसल देशच्या मोठ्या राजाची सत्ता होतीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात लिहिले आहे की, शाक्यांतली घराणी पाळीपाळीने राज्य करीत आणि सिद्धार्थाचा जन्म झाला तेव्हा शुद्धोदनाची पाळी होती. बाबासाहेबांचा हा ग्रंथ ते गेल्यानंतर, 1957 साली छापून निघाला. तेव्हा शुद्धोदनाला राजा म्हणायला हरकत नाही. पण तो दिल्लीच्या बादशहासारखा राजा नव्हे. मोठी शेती असलेला, चार माणसांत मान असलेला, गावकीत ज्याचा शब्द चालतो असा कर्ता पुरुष डोळ्यांपुढे आणा.

घर मात्र खाऊनपिऊन सुखी होते. बुद्ध आपल्या वडिलांच्या घराविषयी एक बारीकशी गोष्ट सांगतात. ती आम्हाला फार आवडते. इतर लोकांच्या घरी चाकरमाणसांना कण्या आणि आंबील देत. आपल्या वडिलांच्या घरी मात्र चाकरांनाही चांगला भात आणि मटण मिळे, असे ते म्हणतात. मुकुट आणि महाल यांपेक्षा माणूस यावरून जास्त कळतो. सालगड्याच्या ताटात काय पडते त्यावरून घर ओळखावे.

शुद्धोदनाच्या दोन बायका. थोरली महामाया, दुसरी महाप्रजापती गौतमी. दोघी सख्ख्या बहिणी, देवदह गावच्या. महामायेला दिवस गेले. बाळंतपणासाठी ती माहेरी निघाली आणि वाटेतच, लुंबिनीच्या वनात, मुलगा झाला. त्याचे नाव सिद्धार्थ. पुढे सम्राट अशोक त्या जागी आला आणि त्याने दगडी खांब उभा केला. तो खांब 1896 साली पुन्हा सापडला. त्यावर कोरले आहे की, इथे बुद्ध जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा एक कर माफ केला आहे आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचा आहे. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाची याहून चांगली आठवण कोणती असणार!

मुलगा सात दिवसांचा झाला आणि महामाया वारली. घरात पाळणा हलतो आहे आणि दारात तिरडी. शुद्धोदनाच्या वाट्याला बाप होणे आणि विधुर होणे एकाच आठवड्यात आले. गौतमीने बहिणीच्या लेकराला छातीशी धरले. तिला स्वतःचा मुलगा झाला, त्याचे नाव नंद. पण थोरल्याला तिने कधी परके मानले नाही.

मूल जन्मले तेव्हा असित नावाचा म्हातारा ऋषी बघायला आला होता. त्याने बाळ मांडीवर घेतले, आनंदला आणि मग रडू लागला. लोक घाबरले. पोराला काही धोका आहे का, म्हणून विचारू लागले. ऋषी म्हणाला, पोराला काही धोका नाही. हा मोठा ज्ञानी होणार, पण त्याचा उपदेश ऐकायला मी जिवंत राहणार नाही, म्हणून रडतो. नंतरच्या कथांत ज्योतिषीही येतात. मुलगा घरी राहिला तर चक्रवर्ती होईल, घर सोडले तर बुद्ध होईल, असे बहुतेकांनी सांगितले. कौंडिण्य नावाचा त्यांच्यातला सर्वांत तरुण ज्योतिषी म्हणाला, दोन गोष्टी नाहीत. हा घर सोडणारच.

मग बापाने जे केले ते कोणताही बाप करील. पोराचा पाय घरात गुंतवायचा. उन्हाळ्याला एक, पावसाळ्याला एक, हिवाळ्याला एक, अशी तीन घरे बांधली. लवकर लग्न लावून दिले. सून यशोधरा आली. नातू झाला, राहुल. आपल्याकडेही म्हणतातच, "लग्न करून द्या, म्हणजे येईल ताळ्यावर."

तरी मुलगा गेला. वय होते एकोणतीस.

तो कसा गेला, याविषयी एकमत नाही. तुम्ही ऐकलेली कथा अशी असेल : सिद्धार्थाने एकदा म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, मेलेला पाहिला आणि एक संन्यासी पाहिला. त्याचे मन उडाले. मध्यरात्री सगळे झोपलेले असताना तो घोड्यावर बसून निघून गेला. ही कथा फार गोड आहे. पण अगदी जुन्या ग्रंथांत बुद्ध स्वतः सांगतात ते वेगळे आहे. आईबापांची इच्छा नव्हती, ते डोळ्यांत पाणी आणून रडत होते, आणि आपण केस काढून, भगवे नेसून घराबाहेर पडलो, असे ते सांगतात. रडत होते, म्हणजे बघत होते. म्हणजे त्यांना ठाऊक होते. कोसंबींनी या ओळीकडे मुद्दाम बोट दाखवले आहे. आणि बाबासाहेबांचा प्रश्न तर साधा आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा, एकही आजारी, एकही प्रेत पाहिले नाही, हे कसे पटावे?

मग कारण काय? कोसंबी आणि बाबासाहेब दोघेही पाण्याच्या भांडणाकडे वळतात. शाक्यांच्या आणि त्यांचे सोयरे कोलिय यांच्या शिवारांच्या मधून रोहिणी नावाची नदी वाहत होती. बांध घालून दोन्ही बाजू पाणी घेत. टीकाग्रंथांत या भांडणाचे वर्णन आहे. ज्येष्ठ महिना. पाणी आटले. पिके माना टाकू लागली. इकडचे मजूर म्हणाले, पाणी दोघांना पुरणार नाही, आमचे पीक एका पाण्यावर येईल, आम्हाला घेऊ द्या. तिकडचे म्हणाले, आमचेही एका पाण्यावरच येईल. शब्दाने शब्द वाढला, हातघाई झाली, एकमेकांच्या कुळाचा उद्धार झाला आणि शेवटी शस्त्रे निघाली. गोदावरीच्या काठच्या माणसाला यातले काही समजावून सांगायला नको. टीकाकार हे भांडण बुद्धांच्या उतारवयातले मानतात आणि त्यांनी मध्ये उभे राहून ते मिटवले असे सांगतात. बाबासाहेब म्हणतात की, असे भांडण त्यांच्या तरुणपणीच झाले आणि त्यातूनच घर सुटले.

त्यांच्या ग्रंथात हा प्रसंग असा आहे. संघाची सभा भरली. कोलियांवर चालून जायचे, असा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. तो हरला. संघाचा निर्णय मोडला तर शिक्षा होती. त्याला फाशी किंवा हद्दपारी, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्त. सिद्धार्थ म्हणाला, माझ्या आईबापांना यात ओढू नका, मीच परिव्राजक होऊन देश सोडतो. म्हणजे या कथेत मुलगा बापाला टाकून जात नाही. बापाची जमीन आणि अब्रू राहावी म्हणून जातो. बाप रडतो, पण त्याला कारण ठाऊक असते. कोणती कथा धरायची ते वाचकांनी ठरवावे. आम्हाला विचाराल तर, रात्री घोड्यावरून पळालेल्या मुलापेक्षा रडणाऱ्या आईबापांसमोरून निघालेला मुलगा जास्त खरा वाटतो. तसे जाणे जास्त अवघडही आहे.

इथून पुढे पुस्तके मुलाच्या मागे जातात. तप केले, सहा वर्षांनी ज्ञान झाले, सारनाथला पहिला उपदेश केला. आपण मात्र कपिलवस्तूला, घरीच थांबू.

शुद्धोदनाच्या कानावर बातमी आली की मुलगा बुद्ध झाला आहे आणि राजगृहाला आहे. राजगृह आजच्या बिहारात. बापाने एक माणूस पाठवला. बरोबर हजार जण दिले, असे कथा सांगते. निरोप एवढाच : बापाला तुझे तोंड बघायचे आहे. तो माणूस गेला, बुद्धांचा उपदेश ऐकला आणि भिक्षू होऊन तिथेच राहिला. निरोप सांगायचाच विसरला. बापाने दुसरा पाठवला. तोही परत आला नाही. असे नऊ जण गेले. एकही फिरला नाही. हजाराचा आकडा कथेचा असेल, पण गेलेल्या माणसाकडून उलट निरोप न येणे म्हणजे काय, हे ज्याचा मुलगा ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेला आहे त्याला विचारा.

दहाव्या खेपेला शुद्धोदनाने काळूदायीला बोलावले. हा सिद्धार्थाचा लहानपणचा सवंगडी. म्हातारा बाप त्याला म्हणाला, मी कधी मरेन याचा नेम नाही, मरायच्या आधी मुलगा दाखव. काळूदायीने आधीच सांगून टाकले, मला भिक्षू व्हायची मुभा द्या, मग आणतो. बाप म्हणाला, तू काय व्हायचे ते हो, पण त्याला आण. काळूदायी हुशार. तो गेला, भिक्षू झाला, पण विसरला नाही. हिवाळा सरू दिला. वसंत आला, झाडे फुलली, रस्ते कोरडे झाले, तेव्हा त्याने बुद्धांजवळ वाटेचे वर्णन सुरू केले. आता ऊन नाही, थंडी नाही, प्रवासाला हीच वेळ चांगली आणि घरी वडील वाट बघताहेत. बुद्ध निघाले. दोन महिने चालून कपिलवस्तूला पोचले.

भेट झाली, पण धड झाली नाही. शाक्य मोठे मानी. आपल्यापेक्षा लहान माणसाच्या पाया कसे पडायचे, म्हणून वडीलधारे मागे राहिले आणि पोराबाळांना पुढे केले. आणखी एक घोटाळा झाला. "उद्या आमच्याकडे जेवायला या," असे कोणी म्हटलेच नाही. घरचाच मुलगा, घरी येणार नाही तर जाणार कुठे, असे बापाला वाटले असेल. पण भिक्षूला आमंत्रण नसेल तर त्याने दारोदार भिक्षा मागायची, हा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्ध हातात पात्र घेऊन कपिलवस्तूच्या गल्लीत घरोघर उभे राहू लागले.

यशोधरेने खिडकीतून पाहिले आणि सासऱ्याला सांगितले. शुद्धोदन नेसूचे धोतर सावरीत रस्त्यावर धावत आला. म्हणाला, माझी मान खाली घालतोस का? तुझ्या भिक्षूंना मी जेवू घालू शकत नाही असे लोकांना दाखवायचे आहे का? आपल्या कुळात कोणी भीक मागितली नाही. बुद्ध म्हणाले, तुमचे कूळ क्षत्रियांचे. माझे कूळ आता बुद्धांचे. त्या कुळात भिक्षा मागूनच जगतात. भर रस्त्यात हे बोलणे झाले. बापाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे, कारण ते शब्दांत नव्हते. त्याने पुढे होऊन मुलाच्या हातातले पात्र स्वतःच्या हातात घेतले आणि त्याला घरी नेले. ज्या पात्राची लाज वाटली तेच पात्र हातात धरून बाप मुलाच्या पुढे चालला.

घरी सगळे भेटले. यशोधरा बाहेर आली नाही. माझ्यात काही गुण असेल तर ते स्वतः येतील, म्हणून आत बसली. बुद्ध गेले. तेव्हा शुद्धोदनाने सुनेची बाजू मांडली. म्हणाला, तू भगवे नेसलास हे कळले तेव्हा हिने भगवे नेसले. तू एक वेळ जेवतोस हे ऐकले तेव्हा ही एक वेळ जेवू लागली. तू उंच पलंग सोडलास, हिनेही सोडला. सासऱ्याने सुनेचे दुःख इतके बारकाईने पाहिले होते आणि चार माणसांत मुलासमोर सांगितले. अशी घरे आम्ही फार थोडी पाहिली आहेत.

यानंतर त्या घरावर दुसरा घाव पडला. धाकटा नंद. त्याचे लग्न होते, आणि त्याला राजपदावर बसवायचा विधीही त्याच दिवशी. बुद्ध जेवून उठले आणि आपले पात्र नंदाच्या हाती देऊन चालू लागले. थोरल्या भावाला "हे घ्या तुमचे पात्र" कसे म्हणायचे? नंद संकोचाने मागे मागे चालत राहिला. नवरीने अर्धवट विंचरलेल्या केसांनीच दारातून हाक मारली, लवकर या. विहारात पोचल्यावर बुद्धांनी विचारले, भिक्षू होतोस का? नंदाला नाही म्हणवेना. तो भिक्षू झाला.

चारच दिवसांनी तिसरा घाव. यशोधरेने सात वर्षांच्या राहुलला सांगितले, ते बघ तुझे वडील, जा, आपला वारसा माग. पोरगं बापाच्या मागे लागलं. तुमची सावली किती गार आहे, म्हणालं, आणि मला माझा वारसा द्या, असा हट्ट धरून बसलं. बुद्धांजवळ द्यायला शेत नव्हते, घर नव्हते. जे होते ते दिले. आपल्या शिष्याला, सारिपुत्ताला, सांगितले, याला दीक्षा दे. राहुल श्रामणेर झाला. श्रामणेर म्हणजे लहान, शिकाऊ भिक्षू.

आता विचार करा. थोरला गेला. धाकटा लग्नाच्या दिवशी गेला. राहिलेला एकुलता नातू, तोही गेला. घरात म्हातारा, दोन बायका आणि एक नवी नवरी. औत धरायला पोरगा नाही. अयोध्येचा दशरथ एका मुलाच्या वियोगाने गेला. शुद्धोदन गेला नाही. तो उठला आणि बुद्धांकडे गेला.

'महावग्ग' या जुन्या ग्रंथात हा प्रसंग आहे. भिक्षूंचे नियम ज्यात लिहिले आहेत, त्या ग्रंथांपैकी हा एक. शुद्धोदन म्हणाला, मला एक वर पाहिजे. बुद्ध म्हणाले, आम्ही वर देत नाही. शुद्धोदन म्हणाला, जे योग्य आहे आणि ज्यात दोष नाही तेच मागतो. बुद्ध म्हणाले, बोला. मग बाप बोलला. तू गेलास तेव्हा दुःख झाले. नंद गेला तेव्हाही झाले. राहुल गेला तेव्हा मात्र सोसवेना. मुलावरची माया वरवर टोचत नाही. ती कातडी कापते, मांस कापते, शिरा कापते, हाड फोडते आणि आतल्या मगजापर्यंत जाते. म्हणून माझे मागणे एवढेच की, आईबापांनी हो म्हटल्याशिवाय कोणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये.

नीट पाहा, त्याने काय मागितले नाही. राहुलला परत द्या, असे तो म्हणाला नाही. नंदाला सोडा, असेही म्हणाला नाही. आपले गेले ते गेले. पुढे दुसऱ्या कोणाच्या घरात असे न सांगता होऊ नये, एवढेच मागितले. ज्याला कधी पाहणारही नाही, अशा कोणा दुसऱ्या बापासाठी तो बोलत होता.

बुद्धांनी ते मान्य केले. भिक्षूंना जमवून नियम घालून दिला की, आईबापांची परवानगी नसलेल्या मुलाला दीक्षा द्यायची नाही. ज्या बुद्धांनी मोठमोठ्या राजांपुढे तत्त्व सोडले नाही, त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून संघाचा नियम केला. हा नियम पुस्तकात पडून राहिला नाही. सिलोनमध्ये, ब्रह्मदेशात, सयाममध्ये, आणि 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर आपल्या महाराष्ट्रात जे भिक्षू झाले त्यांच्यातही, तो चालत आला आहे. भिक्षू होणाऱ्याला संघासमोर काही प्रश्न विचारतात. कर्जदार आहेस का? राजाचा नोकर आहेस का? अमुक रोग आहे का? आणि त्यांतच : आईबापांची परवानगी आहे का? तो प्रश्न शुद्धोदनाचा आहे.

पुढची वर्षे शुद्धोदनाने कशी काढली, त्याविषयी ग्रंथ थोडेच बोलतात. शेवटच्या आजारपणात बुद्ध वैशालीहून आले, बापाजवळ बसून त्यांनी उपदेश केला आणि शुद्धोदनाने शांत मनाने प्राण सोडला, असे टीकाग्रंथ सांगतात. चीनमध्ये जपलेल्या एका ग्रंथात त्याच्या अंत्ययात्रेची कथा आहे. त्यात बुद्ध बापाच्या तिरडीला खांदा द्यायला स्वतः पुढे होतात. बरोबर नंद, पुतण्या आनंद आणि नातू राहुल. घर सोडलेली माणसे, पण खांद्याला कमी पडली नाहीत.

शुद्धोदन गेल्यावर गौतमी उठली. आता घरात कोणासाठी राहायचे? तिने भिक्षुणी होण्याची परवानगी मागितली. बुद्धांनी तीनदा नाही म्हटले. तिने केस काढले, भगवे नेसले आणि शाक्यांच्या बायका बरोबर घेऊन वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजले, अंगावर धूळ, दारात उभी राहून रडत होती. आनंदाने तिची बाजू घेतली, तेव्हा बायकांचा संघ सुरू झाला. तिची गोष्ट मोठी आहे. ती पुढे कधीतरी सांगू.

ज्यांना शुद्धोदनाला बघायचे असेल त्यांनी अजिंठ्याला जावे. पूर्वीचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. दोन नंबरच्या लेण्यात महामायेचे स्वप्न आणि सिद्धार्थाचा जन्म रंगवला आहे. सोळा नंबरचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतले. त्यात असित ऋषी बाळाला बघायला आलेला आहे, आणि नंदाची सगळी कथा आहे. नंद भिक्षू झाल्याची बातमी ऐकून त्याची बायको कोसळते ते चित्र तिथेच आहे. सतरा नंबरात भिंतभर उंच बुद्ध हातात पात्र घेऊन उभे आहेत आणि समोर, अगदी लहान दिसणारी, यशोधरा राहुलला पुढे करते आहे. आत उजेड कमी असतो. भिंतीपाशी थोडे थांबावे, डोळे सरावू द्यावेत, मग चित्र दिसू लागते.